उभ्या माणसाला खुर्ची

“बाबा, उठा! आत्ताच्या आत्ता उठा!”

हा आवाज दारातून आत आला तेव्हा फिशटँकमधले मासे दगडामागे जाऊन बसले, आतल्या तव्यावरचं ऑम्लेट आपलं आपण उलटलं, आणि गल्ल्यामागच्या तसबिरीतल्या देवानं आशीर्वादाचा हात हळूच कानावर नेला. मी स्वतः पाहिलं. मी फार वाढवून सांगतो असं लोक म्हणतात. सांगतोच. पण तो आवाज वाढवून सांगणं मलाही जमलेलं नाही.

दारात तिशीच्या आतबाहेरचा एक मुलगा उभा होता. पाठीला सॅक, गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राची निळी पट्टी, आणि चेहरा हिंजवडीहून निघालेल्या माणसाचा असतो तसा. तेव्हाच्या त्या कंपनीच्या बसगाड्या अशा रखडत की माणूस तिथं गुळगुळीत दाढी करून बसे आणि पेठेत उतरेपर्यंत त्याला ऋषीची दाढी आलेली असे.

तो ज्यांना उठवत होता ते बाबा माझ्या उजव्या हाताला बसले होते. जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले, म्हणून आम्ही त्यांना मोजणीसाहेब म्हणायचो. डाव्या हाताला एक निवृत्त पोस्टमास्तर असत. त्यांचं काम मान डोलावण्याचं. आणि मध्ये मी, सायकलच्या दुकानाचा मालक, माझं काम बाकी सगळं. कोपऱ्यातलं हे टेबल इतकी वर्षं आमचं होतं की त्याच्या लाकडात आमच्या कोपरांचे खड्डे पडले होते. दुसरं कोणी बसलं तर त्याचं कोपर बरोबर बसत नसे आणि तो आपोआप उठून जाई.

मोजणीसाहेबांनी मुलाचा आवाज ऐकला मात्र, त्यांनी वर पाहिलं नाही की खाली पाहिलं नाही. फक्त बोटाच्या टोकानं आपला ग्लास टेबलावरून सरकवला आणि माझ्यासमोर आणून ठेवला. आता माझ्यासमोर दोन भरलेले ग्लास, आणि त्यांच्यासमोर शेंगदाणे.

“काका, तुम्ही दोन-दोन पिता?” मुलगा माझ्यावर ओरडला.

“डॉक्टरांनी सांगितलंय,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

“मी ज्येष्ठ नागरिक संघात जाऊन आलो, बाबा. तुम्ही स्वेटर विसरलात म्हणून घेऊन गेलो होतो. तिथले आजोबा म्हणाले, असे कोणी गृहस्थ आमच्याकडे येत नाहीत. कधीच आलेले नाहीत! आई गेल्यापासून रोज संध्याकाळी तुम्ही मला काय सांगून बाहेर पडता?”

स्वेटर खरंच त्याच्या हातात होता. मरून रंगाचा, घरी विणलेला. सबंध बार त्या स्वेटरकडे बघत होता.

आता हा बार कसला ते सांगायला हवं. शनिवार पेठेच्या नदीकडच्या अंगाला, पिठाची गिरणी आणि लाँड्री यांच्या मधोमध आमची परमिट रूम होती. ती कुठं आहे हे सगळ्या पेठेला माहीत होतं आणि तिथं गेलेलं मात्र कोणीच नव्हतं. बाहेर पडताना गिरणीचं पीठ अंगावर उडायचं, त्यामुळे घरी सांगायला सोपं जाई की दळण टाकायला गेलो होतो. काही घरांतून वर्षानुवर्षं दळण टाकलं गेलं आणि पीठ कधी आलं नाही.

मी जन्मभर पुण्यात दुकान चालवलं आहे, गिऱ्हाइकाशी कसं तुटक बोलावं हे मला कोणी शिकवू नये. पण या एका दारातून आत गेलं की गाव बदलायचं. याचं कारण मामा. मामा म्हणजे तिथले मोठे वेटर. हडपसरच्या पलीकडचं त्यांचं गाव. शेत होतं ते शहराच्या पोटात गेलं, हाताला काम हवं म्हणून इकडं आले. तुमच्या कपाळाकडं बघून त्यांना कळायचं की आज बर्फ जास्त लागणार की कमी. पाऊल आत पडायच्या आधी खुर्ची मागं ओढलेली, फडकं फिरलेलं, पाणी ठेवलेलं. घरी जे तुम्हाला सुनेनं, मुलानं, कोणीतरी एकदा तरी विचारावं असं वाटतं, “आज दमलाय जणू?”, ते मामा रोज विचारायचे. आणि उत्तर ऐकायला थांबायचे.

त्यांचा एकच नियम होता. उभ्या माणसाला उभं ठेवायचं नाही. “उभा मानूस भांडतो, बसलेला मानूस आर्डर देतो,” असं ते म्हणायचे. एकदा शेजारच्या सोसायटीतले लोक बार बंद करा म्हणून घोषणा देत आले. मामांनी पटापट खुर्च्या मांडल्या. मोर्चा बसला. त्यातले दोघं अजून उठलेले नाहीत. एक तर माझ्या मागच्याच टेबलावर असतो.

तर असे मामा त्या दिवशी स्वेटरवाल्या मुलासमोर गेले.

“सायेब, उभ्यानं वरडलं की घसा फाटतोय. बसा. पानी घ्या. मंग वरडा.”

“मी असल्या ठिकाणी बसत नाही.”

“कोन म्हनतंय बसा? नुस्तं टेका.”

आणि खुर्ची त्याच्या गुडघ्यांच्या मागं अशी अलगद आली की गुडघे आपले आपण वाकले. सॅक त्याच्या पाठीवरून उतरून दुसऱ्या खुर्चीवर गेली, समोर पाणी आलं, मामांनी लिंबू-सोड्याची बाटली फोडली, फस्स करून आवाज झाला. हे सगळं एवढ्या वेळात की मोजणीसाहेब नुसते उठून चपला शोधत होते.

“चल,” ते मुलाला म्हणाले.

“तुम्ही व्हा पुढं,” मुलगा म्हणाला. “हे फोडलंय. संपवून येतो.”

फोडलेला सोडा टाकून जाणारा माणूस आमच्या पेठेत अजून जन्मायचा आहे. मोजणीसाहेब स्वेटर उचलून निघून गेले. दारातून त्यांनी एकदा वळून पाहिलं. टेबलाकडं, आपल्या खुर्चीकडं. मुलगा नेमका तिच्यावर बसला होता.

“इथं येऊन ते करतात काय?” मुलानं मला विचारलं.

“बोलतात,” मी म्हणालो.

“बाबा? बोलतात?”

त्याचा विश्वास बसेना. घरी म्हणे त्यांचा एकच शब्द होता: हं. जेवलात का, हं. गोळी घेतली का, हं. सून हडपसरला नोकरीला, हा हिंजवडीला. दोघं शहराच्या दोन टोकांना दिवसभर, आणि मधे तो हं. मग मी त्याला त्याच्या बापाच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. पहिली अर्थातच सापाची. मोजणीसाहेब तरुण असताना हिंजवडी म्हणजे नुसती शेतं होती आणि जमीन लोखंडी साखळीनं मोजत. एका रानात गवत कमरेएवढं. साहेबांनी साखळी टाकली, एक टोक धरून ओढत निघाले, आख्खं रान मोजलं, आकडे सांगितले, आणि साखळी गुंडाळायला लागले तर ती बोटाला चावायला आली. साप! खरी साखळी बांधावरच राहिलेली. पण नोंद होऊन गेली होती. त्या सापानं मोजलेल्या जमिनीवर आज काचेची इमारत उभी आहे आणि म्हणून तिची लिफ्ट जरा वळणं घेत वर जाते.

“मी तिथंच कामाला आहे!” मुलगा म्हणाला, आणि हसला. सोडा नाकात जाईपर्यंत हसला. पोस्टमास्तरांनी मान डोलावली. मामा लांबून बघत होते. गिऱ्हाईक हसलं की त्यांच्या चेहऱ्यावर शेतात पाणी सोडल्यासारखं काहीतरी व्हायचं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. बाबा इथं येतात का हे बघायला, असं म्हणाला. बाबा आले नव्हते. “थांबा, येतील,” मी म्हणालो, आणि त्याला विहिरीची गोष्ट सांगितली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आठवड्याभरात मामांना त्याच्या कपाळावरून बर्फाचा अंदाज यायला लागला. खुर्ची तीच, बापाची. कोपराचा खड्डासुद्धा जुळला. घराण्याचीच कोपरं ती.

मग एका संध्याकाळी तो आला तो बसायच्या आधीच बसल्यासारखा दिसत होता. कंपनीत साहेब त्याला सगळ्यांसमोर काहीतरी बोलला होता. मामांनी सोडा आणला नाही. त्यांनी त्याच्याकडं नुसतं पाहिलं, आत गेले, आणि ट्रेमध्ये रम घेऊन आले. मोजणीसाहेब घेत तीच, पाण्यात घालत तशीच, बर्फाचे तेवढेच खडे.

“आज सोड्यानं भागनार न्हाय, सायेब. घ्या. बरं वाटंल.”

आणि त्याला बरं वाटलं. इतकी चांगली सर्व्हिस मी आयुष्यात पाहिलेली नाही.

आता एक गोष्ट सांगतो, ती आमच्याकडं कोणी लिहून ठेवलेली नाही, पण सगळ्यांना माहीत असते. बाप-लेक एका ताटात जेवतील, एका सायकलवर डबलसीट जातील, प्रसंगी एकमेकांवर कोर्टात दावा लावतील. पण बापासमोर लेकानं ग्लास उचलायचा नाही आणि लेकासमोर बापानं. एकाला दुसरा दिसला की एकानं उठायचं. मुलगा सोड्यावर होता तोवर काही बिघडलं नव्हतं. आज ना उद्या तो यायचा बंद होईल आणि मोजणीसाहेब परत येतील, असं आम्ही धरून चाललो होतो. त्याच्यासमोर रम आली आणि त्या बारात दोघांपैकी एकालाच जागा उरली.

मोजणीसाहेबांना हे कळलं. पेठेत काय कळत नाही! ते संध्याकाळी घरात बसायला लागले. बायको गेलेल्या घरात, दिवे लावून. खिडकीतून रस्त्याकडं बघत. मी एकदा त्यांच्याकडं गेलो तर त्यांनी मलाही हं म्हटलं. आमच्या टेबलावर ज्या माणसानं सापानं जमीन मोजली, बिबट्याला शेताचा उतारा वाचून दाखवला, विहिरीत पडून वरच्या लोकांना खोली सांगितली, तो माणूस खुर्चीच्या कडेला बसून हं म्हणत होता. मला वाटलं, दोन महिन्यांत हे गृहस्थ संपतील.

मी मामांना सांगितलं. मामांचा चेहरा पडला. आपल्या गिऱ्हाइकाला बसायला जागा नाही, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. दोन दिवस विचार करून त्यांनी तोड काढली. बारच्या मागच्या अंगाला एक फॅमिली रूम होती. फॅमिली कधी कोणी आणली नव्हती. कांद्यांची पोती असत. मामांनी पोती हलवली, टेबल पुसलं, नवा बल्ब लावला. समोरच्या आणि या खोलीच्या मधे नुसती प्लायवूडची भिंत. आत यायला स्वयंपाकघरातून वाट. बाप मागं, लेक पुढं. दोघांनाही सर्व्हिस, दोघांनाही मान, कोणाला कोणी दिसणार नाही. “कोर्टात बी येवडा न्याव न्हाय मिळत,” मी मामांना त्यांच्याच बोलीत म्हणालो. ते खूश झाले.

मोजणीसाहेबांना मी आणलं. स्वयंपाकघरातून येताना त्यांनी आचाऱ्याला नमस्कार केला, जणू सासरी आले. मरून स्वेटर अंगात होता. मामांनी खुर्ची ओढली, फडकं फिरवलं, ग्लास ठेवला.

“लई दिवसांनी, सायेब. दमलाय जणू?”

“हं,” मोजणीसाहेब म्हणाले, पण हसून म्हणाले. त्यांनी ग्लास बल्बसमोर धरून तिरका केला, पेग पुरता आहे का बघायची त्यांची जुनी सवय, आणि माझ्याकडं वळून तोंड उघडलं. सहा बैल आणि तहसीलदार यांची गोष्ट सुरू होणार हे मला त्यांच्या भुवयांवरून कळलं. मी खुर्चीत सरसावून बसलो.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

“आमच्या बाबांनी साखळी टाकली गवतात…”

प्लायवूड पातळ. एक शब्द सुटत नव्हता. मुलगा सापाची गोष्ट सांगत होता. टेबलावर नवे चार जण जमले होते, त्याच्याच कंपनीतले असावेत. गोष्ट चांगली सांगत होता. खोटं कशाला बोलू, बापापेक्षा चांगली सांगत होता. बैलगाडीतला म्हातारा शेतकरी त्यानं मधे नवाच घातला होता. मोजणीसाहेब मान खाली घालून ऐकत होते. शेतकऱ्याच्या जागी ते जरासे हसलेसुद्धा. मला वाटलं, चला, जमलं. बापाची गोष्ट लेकाच्या तोंडी, बाप ऐकतोय, दोघांचे ग्लास भरलेले. मामांना सोन्याचं कडं करून घालावं.

“मामा, रिपीट.”

गोष्ट पुढं सरकली. साप उलगडायला लागला.

“मामा. रिपीट.”

आता शब्दांच्या कडा झिजायला लागल्या होत्या. साप म्हणताना जीभ घसरत होती. साप कुठं चावायला आला ते त्यानं दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा साप बाबांना चावला आणि बाबा मेले. पलीकडं कोणी हसलं नाही. मग तो एकटाच हसला. मग रिपीट. मोजणीसाहेबांचे ओठ हलत होते. सवयीनं मोजत होते. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, बांध कुठं सुटला हे नुसत्या नजरेनं सांगितलं. त्या संध्याकाळी कानांनी मोजत बसले. त्यांच्यासमोरच्या ग्लासातल्या बर्फाचं पाणी झालं. त्यांनी हात लावला नाही.

“जाऊन उठवा त्याला,” मी हळूच म्हणालो. “इथं आहात तर एकदा समोर जा.”

“मी इथं आहे हे त्याला दिसलं,” ते तितकंच हळू म्हणाले, “की त्याची लाज जाईल. अजून मला पाहून वाट बदलतो. तेवढंच राहिलंय.”

मामा आत आले. न हललेला ग्लास पाहून दारातच थबकले. “सायेब, बर्फ बदलू? दुसरी आनू? अंडं उकडून देऊ?” जे जे त्यांच्याकडं होतं ते सगळं त्यांनी विचारलं. मोजणीसाहेबांनी त्यांच्या हातावर हात ठेवला, उठले, आणि कांद्यांच्या पोत्यांना वळसा घालून स्वयंपाकघरातून बाहेर गेले.

ते परत आले नाहीत.

पुढचं मी भराभर सांगतो, कारण त्यात वाढवून सांगण्यासारखं काही नाही. कंपनीनं मुलाला नारळ दिला. सून नाशिकला माहेरी गेली, आधी दिवाळीपुरती आणि मग दिवाळी संपलीच नाही. मुलगा दुपारी बार बंद असायचा तेव्हा गिरणीच्या पायरीवर बसून दार उघडायची वाट बघायला लागला. अंगावर पीठ उडे, तो झटकायचा नाही. गळ्यातली निळी पट्टी मात्र घालायचा. मी एकदा त्याला विहिरीची गोष्ट सांगायला गेलो तर म्हणाला, “काका, झालीय ती.” मला आयुष्यात कोणी असं म्हटलेलं नव्हतं. मामांनी एकदा “आज म्हशीसारखं पानी प्या नुस्तं, रम संपलीया” असं सांगून बघितलं. मुलगा उठला आणि पुलापलीकडच्या दुसऱ्या बारात गेला. तिथं त्याला कोणी खुर्ची ओढून दिली नाही, पाणी विचारलं नाही. तो जिन्यातच पडला. दुसऱ्या दिवशी मामांनी त्याला स्वतः हाताला धरून परत आणलं आणि पुन्हा रम द्यायला लागले. “हितं निदान पडू देनार न्हाय,” म्हणाले. त्यांच्याजवळ दुसरं औषध नव्हतं. आमच्याही नव्हतं. सगळ्या बारानं त्या पोरावर इतकी माया केली की त्याला उठून जायला वाटच राहिली नाही.

मी मोजणीसाहेबांना शोधायला निघालो. घरी नव्हते. शेजारीण म्हणाली, “ज्येष्ठ नागरिक संघात असतात हो हल्ली.”

मला ती थट्टा वाटली. पण खरंच होते. बागेतल्या ओट्यावर वीस-पंचवीस म्हातारे गोल करून उभे होते आणि कोणाच्या तरी तालावर टाळ्या वाजवत होते. रक्ताभिसरण होतं म्हणे. त्यात मरून स्वेटर. त्यांचे हात टाळीसाठी जुळत होते, पण आवाज येत नव्हता. टाळ्या संपल्यावर कोणीतरी विनोद सांगितला, सगळे हसले, तेही वेळेवर हसले. मला बघवेना. वाघ सर्कशीत पाहावा तसं.

मी त्यांना बाकावर घेऊन बसलो. बरंच बोललो. पोस्टमास्तर मान डोलवायचे थांबलेत म्हणालो. टेबलाचं लाकूड सुकायला लागलंय म्हणालो. ते ऐकत राहिले. शेवटी मी थट्टा सोडून दिली.

“पोरगं जाईल हो हातचं,” मी म्हणालो. “लाज-बीज आता काही राहिलेली नाही, ते तुम्हालाही माहीत आहे. एकच उपाय आहे. तुम्ही या. दारात उभे राहा आणि त्याच्या नावानं ओरडा. त्यानं तुम्हाला कसं उठवलं होतं? मासे दडले होते हो! तसे ओरडा. सगळा बार हादरला पाहिजे. तुमचा आवाज ऐकला की तो उठेल. बाप आहात त्याचे. येता का आत्ता? मी बरोबर आहे.”

मोजणीसाहेबांनी स्वेटरच्या बाहीला चिकटलेलं वाळकं पान काढलं. ते हातात धरून जरा वेळ बघितलं, बाजूला ठेवलं.

“मामा खुर्ची देतात,” ते म्हणाले.